निळ्या हाताचे फोटो

(एल आल्तो, ला पाझच्या डोक्यावरचं पठारी शहर. संध्याकाळ. दुमजली घराची गच्ची. समोरून रोपवेचे पाळणे खाली ला पाझकडे जातात, वर येतात.)

रुफिना : ओढा मामा, आणखी ओढा. पट्टा सैल राहिला तर हात फोटोत लोंबेल.

बासिलियो : लागेल तुला.

रुफिना : नाही लागत. दोन वर्षं झाली जखमेला. आणि बघून बांधा ना! मान तिकडे नि हात इकडे, बक्कल सापडणार कसं?

बासिलियो : मी ढग बघत होतो. उजेडाचा अंदाज घ्यावा लागतो.

रुफिना : बरं बरं. दुसऱ्या भोकात घाला. हां. आता मी खांदा उडवते, बघा.

बासिलियो : अरे देवा! मूठ मिटली!

रुफिना : सायकलच्या ब्रेकची तार आहे आत. बोटं छत्रीच्या काड्यांची, मनगटाला शिलाई मशीनचं चाक. सगळं गुरुवारच्या बाजारातलं. थांबा, दिवे लावते.

बासिलियो : निळा! अगं, नसासुद्धा दिसतायत की आतल्या. आणि हा घागरा, ही पोल्येरा तुझ्या आईची ना? तिच्या घेरावर प्लास्टिक?

रुफिना : आईनेच शिवलं. म्हणाली, सोंगच घ्यायचंय तर घेर तरी नीट पडू दे.

बासिलियो : पण सोंग कुणाचं?

रुफिना : माझंच. सायबरपंक म्हणतात त्याला. अजून यायचंय असं एक शहर. जिकडेतिकडे यंत्रं, दिवे, डोक्यावरून उडत्या गाड्या. आणि खाली माणसं आपली मिळेल ते जोडून, ठिगळं लावून जगतायत.

बासिलियो : यायचंय कुठलं? हे आपलं एल आल्तोच झालं.

रुफिना : म्हणून तर स्टुडिओ नको म्हटलं! रविवारी आमचा मेळा आहे. चाळीसेक सोंगं येतील. दारात प्रत्येकाचा माणसाएवढा फोटो लागणार.

बासिलियो : मग आधी पाचामामाला, धरणीमातेला, दारूचे दोन थेंब सांडू दे. तिची जमीन, तिचा उजेड. हं, झालं. आता सरळ उभी राहा. हनुवटी वर. हसू नकोस.

रुफिना : ओळखपत्राचा फोटो नाहीये हा!

बासिलियो : तीस वर्षं तेच काढतोय. हनुवटी म्हटल्याशिवाय माझं बोट बटणावर पडत नाही. हं… परत एकदा… टोपी जरा तिरकी… झकास.

रुफिना : दाखवा बघू.

बासिलियो : सगळे झाल्यावर दाखवतो.

रुफिना : आत्ता दाखवा. …मामा, हात कुठाय?

बासिलियो : आहे की.

रुफिना : कुठाय? ह्यात नाही. ह्यातही नाही. बाराच्या बारा फोटोंत मी कोपरावर संपलेय.

बासिलियो : चौकटीत मावेना.

रुफिना : तुमच्या मागे अख्खी गच्ची मोकळी पडलीय. ओळखपत्राच्या वेळी तुम्ही शाल ओढलीत, म्हटलं असू दे. धाकटीच्या लग्नात मला केकच्या मागे उभं केलंत, तेव्हाही गप्प बसले. पण ह्याच्यावर मी तीन महिने खपलेय हो.

बासिलियो : चपलांच्या कारखान्याच्या मालकाला मी काय म्हणालो होतो, ठाऊक आहे तुला?

रुफिना : नाही.

बासिलियो : म्हणालो, भाचीला ठेवून घे, तिचे हात फार चलाख आहेत. दोनदा म्हणालो. कातडं कापायच्या प्रेसवर नवख्या माणसाला बसवत नव्हता तो. मीच भरीस घातलं. आता कॅमेऱ्यातून तिकडे बघितलं की तेच वाक्य कानात वाजतं.

रुफिना : म्हणून दर रविवारी दारातूनच पाव देऊन पळता?

बासिलियो : बसलो असतो तर तू एका हाताने चहाचा कप पुढे केला असतास.

रुफिना : केला असता. …मामा, प्रेसचा खटका बिघडला होता. मालकाला माहीत होतं. मलाही होतं. तरी मी चार दिवस तिथंच बसले, काम जाईल म्हणून. हे मी आईलासुद्धा सांगितलं नाही.

बासिलियो : तरी पण मी…

रुफिना : आणि तुम्ही खोटं कुठं बोललात? ह्या काड्या कुणी वाकवल्या? तार कुणी ओवली? डाव्या हाताने आणि दातांनी. चलाख म्हणजे चलाख!

बासिलियो : दातांनी?

रुफिना : हा बघा, टवका उडालाय.

बासिलियो : वेडी आहेस. …सरक तिकडे. त्या पावसाच्या डबक्यापाशी.

रुफिना : झोपताय काय असे पालथे? सदरा भिजेल!

बासिलियो : भिजू दे. हलू नकोस. खालून धुकं चढतंय. ला पाझ बुडालं बघ सगळं, नुसते दिवे उरलेत, तळ्यात सांडल्यासारखे. आणि डबक्यात तू उलटी. तुझा हात पाण्यातून वर येतोय.

रुफिना : मूठ मिटू?

बासिलियो : हळू. उघड… तशीच. मागून एक पाळणा येतोय. ढगातून निघतोय, तुझ्या बोटांवर बसेल असा. श्वास घेऊ नकोस. …बसला.

रुफिना : आला फोटोत?

बासिलियो : इलिमानी शिखरावरचं शेवटचं तांबडंसुद्धा आलं. मी असलं काही आजवर काढलेलं नाही गं. कुणी काढायला सांगितलंच नाही.

रुफिना : बघू. …अगं बाई. ही मी?

बासिलियो : हनुवटी खालीच आहे. राहू दे.

रुफिना : पट्टा सोडून काढा आता हा हात. खांदा भरून आलाय.

बासिलियो : वळ उठलाय इथं. दुखतो?

रुफिना : थोडा. तुमचा तळवा ऊबदार आहे, ठेवा तसाच जरा. …मामा, त्या पाळण्यात बघा. टोपीवाली बाई काचेला नाक लावून आपल्याकडेच बघतेय.

बासिलियो : हात करतेय तुला. अगं, पण तू ह्या अर्ध्या हाताने…

रुफिना : तोच मोकळा आहे. दुसऱ्यात टोपी धरलीय, वारा किती सुटलाय. तुम्हीही करा की, बिचारीला वाटेल हा म्हातारा माणूसघाणा.

बासिलियो : करतोय ना. कॅमेरा खाली ठेवून, दोन्ही करतोय.