चढावरचं धोतर

सन २०२३, उन्हाळा, वैशाखातली सकाळ. मी आणि माझा दोस्त सिद्राम रोज सायकलीवर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत जाऊन येतो. चढावर जो आधी पाय टेकेल त्यानं चहा पाजायचा, अशी आमची अट. मी कधीच पाजला नव्हता.

त्या दिवशी ऐन चढावर माझं धोतर चेनीत गेलं. मी सायकलीसकट आडवा झालो. उठलो तर धोतर चेनीतच, अंगावर नुसती पट्ट्यापट्ट्याची चड्डी.

सिद्राम म्हणाला, "टेकलास की पाय."

"पाय न्हाय टेकला. पडलो."

त्याच्या कॅरियरवर नातवाला बसायला चादर बांधलेली होती. मी म्हणालो, "ती चादर दे."

"आधी हरलो म्हण."

"न्हाय म्हणत."

"मग ऱ्हा तसाच. कारखान्याच्या बाया याय लागल्यात. तुझी विहीण बी हाय त्यात."

मी मान वळवली. विहीणबाई डबा घेऊन बायांच्या पुढंच चालत होत्या.

"हरलो," मी म्हणालो.

त्या उकाड्यात कमरेला सोलापुरी चादर गुंडाळून मी सायकल ढकलत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सिद्रामला चादर धुऊन दिली आणि चहा पाजला.