घरबसल्या पदवी

...आणि वर जाहिरातीत काय, तर 'घरबसल्या नर्सिंगची पदवी'! घरबसल्या! अहो, मला घरी बसायला मिळत असतं तर मी पदवी कशाला घेत बसले असते, झोपले नसते का? तुम्हाला सांगते, डिप्लोमावर वर्षानुवर्षं वॉर्ड सांभाळलाय मी. एक दिवस मेट्रनबाईंनी बोलावलं, म्हणाल्या, "ट्रेनिंग विभागात जागा निघतेय. कायमची दिवसपाळी. पण बीएस्सी लागेल." दिवसपाळी! माझे डोळेच भरून आले हो. रात्रपाळ्यांनी झोप गेली, भूक गेली, रविवार कधी येतो नि कधी जातो पत्ता नाही! म्हटलं, करते. फक्त मॅडम, अभ्यासापुरत्या रात्री जरा कमी... तर चष्म्यावरून बघत म्हणतात कशा, "शिकायचंय ना? मग!"

आता या 'मग'वर बोलायचं काय माणसानं? म्हणजे बघा हं, रात्रपाळी सुटायला पदवी पाहिजे, पदवीला वेळ पाहिजे, आणि वेळ सगळा गेलाय रात्रपाळीत! तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय? औषधांची ट्रॉली ढकलत एका कानानं लेक्चर ऐकायचं. कानात बाई सांगतायत, "रुग्णाचं म्हणणं शांतपणे ऐकून घ्या," आणि चार नंबरचे काका बोंबलतायत, "सिस्टर, मघापासून हाका मारतोय!" मी म्हटलं, "थांबा हो काका, ऐकून कसं घ्यायचं ते ऐकतेय ना!"

तरी रडतखडत शेवटपर्यंत आले. आणि तिथं प्रॅक्टिकल! रुग्णाशी संवाद साधतानाचा व्हिडिओ पाठवायचा. आपली ओळख सांगायची, त्रास विचारायचा, आणि शेवटी गोड आवाजात, "काही लागलं तर बेल वाजवा, मी आहे." पण दवाखान्यातले पेशंट घ्यायचे नाहीत, घरातलंच माणूस झोपवायचं. नवऱ्याला विचारलं, तर पोटावर हात ठेवून, "हे जगाला दाखवू? शिकायचंय ना? मग आईला सांग!"

सासूबाई एका पायावर तयार! ठेवणीतले कपडे काय, पावडर काय. "अहो आई, तुम्ही आजारी आहात!" तर म्हणे, "म्हणून काय अवतारात राहायचं?" पहिल्याच व्हिडिओत माझी वॉर्डातली जीभ घसरली, "काय आजी, पोट साफ झालं का?" ताडकन उठून बसल्या! "आजी कोण? सासू आहे मी तुझी!" नापास. दुसऱ्या वेळी त्रास विचारला, तर कॅमेऱ्याकडे तोंड करून परीक्षकांनाच सांगायला लागल्या, "त्रास म्हणजे, हिच्या हातचा चहा अगदी पाणचट हो!" शेरा आला, 'रुग्ण भरकटतो आहे. पुन्हा करा. अखेरची संधी.' मी लेक्चरवाल्या बाईंना फोन लावून काकुळतीला आले, तर तिकडूनही, "शिकायचंय ना? मग!"

आता हा व्हिडिओ गेला की वर्ष गेलं, आणि ती जागा दुसरीच कोणीतरी पटकावणार. फोनचा कॅमेरा सुरू केला, पाठ केलेला प्रश्न विचारला, "आपल्याला कुठे त्रास होतोय?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "गुडघा दुखतो गं. जिना चढताना ब्रह्मांड आठवतं."

हे काही ठरलेलं नव्हतं! म्हटलं, "कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं. सगळ्या दवाखान्याला विचारत फिरतेस. मला आज विचारलंस. तेही परीक्षा आहे म्हणून."

काय बोलणार? लाज वाटली हो, खरंच लाज वाटली. पुढचं पाठांतर सगळं पुसलं गेलं. नुसती त्यांचा गुडघा धरून बसले... बसलेच. नवरा दारातून हातवारे करतोय, बोल, बोल! तोंडून शब्द फुटेना. कशीबशी शेवटी ती बेलची ओळ तेवढी म्हटली. दुसरा काढायची ना ताकद ना मुदत. तोच पाठवला आणि म्हटलं, गेली दिवसपाळी!

आणि निकाल काय? 'मौनाचा अत्यंत परिणामकारक वापर. सर्वाधिक गुण.' अहो, पुस्तकात आहे म्हणे तसं, पेशंटपाशी गप्प बसणं हेसुद्धा कौशल्य! माझी दातखीळ बसली, आणि तिला सर्वाधिक गुण!

तर मिळाली पदवी. दिवसपाळीही मिळाली. सासूबाईंना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नेलं, औषध सुरू केलं, मनात म्हटलं, आता रात्री आडवं व्हायचं ते थेट सकाळपर्यंत. कसलं काय! सासूबाईंनी नातवाच्या सायकलची घंटी काढून घेतलीय, आणि आमच्या साहेबांनी स्वतः ती कॉटला बसवून दिलीय. ट्रिंग! पाणी दे. ट्रिंग! खिडकी लाव. ट्रिंग! आता उघड, उकडतंय. काल शेवटी बोलले मी, "आई, दिवसपाळी करून आलेय हो मी!" तर उशी सारखी करत, अगदी शांतपणे, "तूच म्हणालीस ना, बेल वाजवा, मी आहे? शिकायचं होतं ना? मग!"

काय बोलणार? मौनाचा अत्यंत परिणामकारक वापर केला, आणि गेले शेकायची पिशवी भरायला.