खेळाच्या तासाची चिठ्ठी

बाळाला लस टोचायला नेलं होतं. दवाखान्यात शेजारच्या बाकावर एक आई आणि तिची नऊ-दहा वर्षांची लेक बसली होती.

"आई, माझा संधिवात गुडघ्यांत आहे ना? मग हृदयाची तपासणी कशाला?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, अंगात वर्षानुवर्षं सूज राहिली की पुढे हृदयालाही त्रास होऊ शकतो. म्हणून आत्तापासून लक्ष ठेवायचं."

"आणि नुसतं बसून राहिलं की धोका वाढतो, हेही म्हणाल्या. ते बरं विसरतेस!"

"विसरले नाही गं."

"मग शाळेत दिलेली चिठ्ठी परत घे. 'हिला खेळायला लावू नये' म्हणे! तीन वर्षं मी सगळ्यांची दप्तरं सांभाळतेय."

"तू कण्हायला लागलीस की माझा जीव अर्धा होतो, बये."

"दुखलं तर बसेन. सुजलं तर सांगेन. शप्पथ."

"लपवणार नाहीस?"

"तू न्हाणीघरात जाऊन रडतेस, ते आधी बंद कर."

आईने पिशवीतून एक कोरा कागद काढला. मग माझ्याकडे वळली.

"ताई, पेन आहे का हो?"

मी दिलं. तिने मांडीवर कागद सरळ केला.

"उद्याची तारीख टाकते."

"आजची टाक. शेवटचा तास खेळाचाच आहे."