साखळी नसलेला सिलिंडर

दवाखान्यात समोरच्या बाकावर एक आजी-आजोबा बसले होते. आजोबांच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती, शेजारी सिलिंडर.

“अगं, भिंतीवरची पाटी वाच. ‘सिलिंडर साखळीने बांधून ठेवा.’ कडी आहे, पण साखळी कुठंय?”

“अहो, गप्प बसा जरा. धाप लागतेय तुम्हाला.”

“तीस वर्षं गॅसचं गोदाम सांभाळलं मी. असल्या पाट्या स्वतः रंगवल्या. सिलिंडर कलंडला की संपलंच!”

“गोदाम सुटलं, पाट्या काही सुटल्या नाहीत. आणा तो मफलर. हा बांधला कडीला.”

“गाठ ओढून बघ.”

“बघितली.”

“मग आता माझा हात कशाला धरून बसलीयस?”

“मघाशी दारात कोण कलंडलं होतं? सिलिंडर?”