जेन्शियनचा पहिला प्याला

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील पाद्रीबाबा, आजच्या सत्कारमूर्ती, शाळेतून निवृत्त होणाऱ्या आपल्या क्रेसेन्त्सबाई (त्यांची खुर्ची रिकामी दिसतेय, कारण त्या खाली माझ्या धाकट्या भावाजवळ बसल्यात) आणि डोंगरावरच्या माझ्या बंधुभगिनींनो,

आधी एक विनंती. समोरच्या प्याल्यांना कोणीही हात लावू नका.

आपल्या कुरणांतली तणं आपल्याला कोणी शिकवली? बाईंनीच ना? "काटेरी तणाला काय भ्यायचं, ते गाईलाही कळतं," त्या म्हणायच्या. "भ्या ते गेर्मरला!" अगदी जेन्शियनसारखं दिसतं मेलं. जेन्शियनची पानं समोरासमोर जोडीनं येतात, गेर्मरची एकाआड एक. एकाचं मूळ आपण दारूत मुरवतो, दुसऱ्याचं जीव घेतं. पण मूळ खणायचं शरदात, तेव्हा पानं असतात कुठे? म्हणून तर उन्हाळ्यातच आपण जेन्शियनपाशी खुंट्या ठोकून ठेवतो.

यंदा माझ्या या भावाच्या, गेबहार्डच्या, खुंट्या वासरांनी पाडल्या. "जागा पाठ आहेत रे दादा," म्हणाला, आणि खणलं. आता आपली रीतही ठाऊक आहे तुम्हाला: पहिला प्याला दारू करणाऱ्यानं प्यायचा, मगच पाहुण्यांपुढे ठेवायचा. तासाभरापूर्वी तो प्यायला. मघाशी पायरीवर मला म्हणतो कसा, "दादा, जीभ बधिर झालीय. बोलू नकोस हं कुठे, बाईंचा समारंभ आहे."

मी तडक बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर निघालेत. तू वर जा आणि बोलत राहा. दारात गर्दी होता कामा नये." म्हणून बोलतोय.

उरलेलं एक मूळ त्यांनी स्वयंपाकघरातून मागवलंय. आतून पिवळं निघालं तर जेन्शियन. कापतायत बघा. काय निघालं, बाई?

पांढरं.

बसा, बसा सगळे! गेबहार्ड, डोळे मिटू नकोस, माझ्याकडे बघ. गाढवा, आईला मी काय सांगू?

बाई, मी तुम्हाला निरोप द्यायला उभा राहिलो होतो. आज तो देववत नाही. त्याचं मनगट तेवढं सोडू नका.

आपण सर्वांनी प्याले तसेच राहू दिलेत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. आणि कृपा करून टाळ्या वाजवू नका. घाटात गाडी वाजतेय का, ते मला ऐकायचंय.