खिळा आता जागेवर बसत नाही

— नाही हो ताई, उंदीर कसला! उंदराचे दात असे उमटत नाहीत. हे बघा, इथं बुटाच्या टाचेवर चार भोकं, आणि ही कड चघळून चघळून पार लगदा केलीय — पिल्लू आहे ना घरी? बघा, ओळखलं की नाही! कितीचं? सात महिन्यांचं? लांब कानांचं, शिकारी जातीचं? मग बरोबर. बसा, त्या स्टुलावर बसा. टाचेचा तुकडा नवा घालावा लागेल, अर्धा तास तरी जाईल. आणि त्याला मारू नका हं. मारलंत? ... असू द्या, असू द्या, रडू नका त्यासाठी. सगळ्यांचा हात उठतो एकदा तरी.

मी काही जनावरांचा डॉक्टर नाही. पण आमच्याकडेही आहे तसलंच, तुमच्या पिल्लाहून चार महिन्यांनी मोठं. नाव खिळा. हसताय काय, खिळाच! दोन महिन्यांचा आणला तेव्हा ह्या इथं, ह्या बाकाखाली, माझ्या ह्या पायाशी येऊन बसला की ठोकल्यासारखा बसायचा. दिवसभर मी आरी चालवतोय, दोरा ओढतोय, आणि हा आपला त्या पायावर हनुवटी टेकून झोपलेला. ह्याच पायावर — दिसला असेल तुम्हाला आत येतानाच, लहानपणापासून वाळलेला आहे तो, त्यात लपवायचं काय. आणला कोणी? धाकट्यानं. धाकटा म्हणजे माझा भाऊ, इथंच राहतो, मागच्या खोलीत, लग्नबिग्न केलं नाही. टपाल वाटतो. टपालवाल्याला कुत्री चावतात म्हणतात ना? आमच्या टपालवाल्याच्या मागं कुत्री लागतात ती लाडानं! त्याच्या वाटेवरच्या एका घरी कुत्री व्यायली होती, त्यातलं एक पिशवीत घालून घेऊन आला. "दादा," म्हणाला, "तुला दिवसभर सोबत." मला, बरं का. माझ्यासाठी आणलं होतं ते.

तर काय सांगत होतो — हां, बदलतात. एकाएकी बदलतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात दात पडायला लागले. एक इवलासा दात मला ह्या खिळ्यांच्या डबीत सापडला, ठेवलाय मी कागदात बांधून. तेव्हा दिसेल ते चावायचा, तेही मी समजून घेतलं, हिरड्या शिवशिवत असणार. पण सातवा लागला आणि मी हाक मारली तर बघेचना! कान हे एवढे, वीतभर, आणि ऐकायच्या नावानं शून्य. नाक जमिनीला लावून दारापर्यंत जायचं, परत यायचं, परत जायचं. काल ज्या छत्रीखालून पळत होता तिलाच आज घाबरायचं. आणि आवाज! भुंकणं नव्हे ते, गिरणीचा भोंगाच. मला वाटलं, ह्याला कोणीतरी काहीतरी केलं. कोणीतरी फितवलं. नेलं डॉक्टरकडे. ते काय म्हणाले? "काही बिघडलेलं नाही, वयात येतोय. ही वासावर जगणारी जात, ह्यांना आधी नाक, मग पोट, मग तुम्ही. ह्या वयात मोकळा सोडू नका, आणि रोज तास-दीड तास चालवा." चालवा! मला म्हणाले. माझ्या पायाकडे बघून जीभ चावली बिचाऱ्यांनी.

मग कोण चालवणार? धाकटा. दुसरं कोण! दिवसभर पायपीट करून आला की खांद्यावरची थैली ठेवायची आणि दोरी उचलायची, चहासुद्धा घ्यायचा नाही. लहानपणापासून हेच बघतोय मी. आई त्याला म्हणायची, तू जा पळत, आणि मला म्हणायची, तू बस. त्याच्या येण्याच्या वेळेच्या अर्धा तास आधीपासून खिळा दाराशी. मी इथं हाक मारतोय, बिस्किट दाखवतोय — शेपटीसुद्धा हलायची नाही. आणि फिरून आला की झोपायचा कुठं? धाकट्याच्या पायावर. वर आमची ही खळखळून हसणार, "भाऊजी, बघा तरी कसा टक लावून बघतोय तुमच्याकडे!" इतकी कधी हसत नव्हती हो ती — नाही नाही, तुम्ही भलतं समजू नका. बायको चांगली आहे माझी. धाकटाही चांगलाच आहे. तोच तर त्रास आहे ना! वाईट असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या तरी हासडता आल्या असत्या.

बूट टाकले होते त्यानं माझ्याकडे, तळवे बदलायला. रोजचे चालायचे बूट. मी म्हटलं, चामडं आलेलं नाही, थांब. तीन आठवडे. चामडं नाही माझ्याकडे? ही भिंत बघा! मला वाटलं, बूट नसले तर फिरवणं तरी थांबेल. कसलं थांबतंय? चपला घालून न्यायला लागला. माझ्यावर विश्वासच एवढा, की परत विचारलंसुद्धा नाही.

दोरा जरा धरता का ताई? हा, असा ताणून. ... मग एकदा ही पहाटेच बहिणीकडे गेली होती, धाकटा टपालावर. दुपारी घरात मी आणि खिळा. मी दुकानाचं दार ओढून घेतलं, अंगणात गेलो, फाटक उघडलं आणि त्याच्या गळ्यातली दोरी काढली. हो, मीच काढली. हातात उकडलेल्या मटणाचा तुकडा होता. मला एवढंच बघायचं होतं, की फाटक उघडं असताना, धाकटा नसताना, माझ्या एका शब्दावर तो येतो की नाही. एकदाच. उभा राहिला तो. माझ्याकडे बघितलं त्यानं, शपथ घेऊन सांगतो, एक पाऊल टाकलंसुद्धा माझ्याकडे. आणि मग नाक वर झालं. कुठून कसला वास आला देवच जाणे — गेला! मी ओरडतोय, खिळ्या, ए खिळ्या, राजा, आणि कोपऱ्यावर शेपटीचं पांढरं टोक तेवढं दिसलं. धावलो हो मी! माझं धावणं म्हणजे काय — तिसऱ्या खांबापाशी पडलो. उठलो, घरी आलो, विजारीची माती धुतली आणि येऊन ह्या बाकावर बसलो. फाटक तसंच उघडं.

खोटं मात्र बोललो नाही. ही परत आली, कुत्रं कुठं म्हणाली, तर मी एवढंच म्हटलं, "फाटक उघडं होतं. सकाळी शेवटी कोण बाहेर पडलं?" विचारलं फक्त. आता शेवटी रोज धाकटाच बाहेर पडतो. त्याचा चेहरा असा उतरला ताई, की — पण मी आपला टाका घालत राहिलो. दोन दिवस रजा टाकून शोधला त्यानं. बाजार, नदीचा काठ, कत्तलखान्याच्या मागचं मैदान, घरोघर जाऊन विचारलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आला, तर खिळा खांद्यावर, बोकडासारखा. पार वीटभट्ट्यांच्या पलीकडे, काटेरी तारेत अडकलेला सापडला. आणि ह्याच्या एका पायात चप्पल नाही. टाचा फुटलेल्या, रक्त. बूटदुरुस्ती करणाऱ्याचा सख्खा भाऊ, अनवाणी! आणि दारातच मला काय म्हणाला माहीत आहे? "दादा, चुकलं माझं. फाटक मीच विसरलो असेन. तुझी एकुलती एक सोबत, आणि मी —" रडला हो. पस्तिशीचा बाप्या.

मी काय म्हटलं? ... मी म्हटलं, "पुढच्या वेळी लक्ष ठेव."

असं बघू नका. मला कळतं. खिळा आला माझ्याजवळ, हात हुंगला, चाटला, काही झालंच नाही अशी शेपटी हलवली, आणि जाऊन धाकट्याच्या फुटलेल्या टाचा चाटायला लागला. आणि त्या वेळीही, ताई, खरं सांगतो, मला त्या टाचांचं काही वाटलं नाही. मला वाटलं, माझ्या हातावर दोनदाच जीभ फिरवली, आणि तिथं मोजतासुद्धा येत नाही. ह्याला आता पाच दिवस झाले. झोप नाही. सांगतोय तेही कोणाला, तर तुम्हाला. तुम्ही पिल्लाचं विचारलंत आणि मी बघा कुठं वाहावत गेलो. तुमचं काही बिघडलेलं नाही हो, वाढतंय ते. जुनी चप्पल द्या चावायला, दोरी सोडू नका, भरपूर चालवा. तुम्हाला पाय दिलेत देवानं.

झाली टाच. घालून बघा. टोचत नाही ना? ...

ये रे. लवकर आलास आज ह्याला फिरवून? लंगडतोयस अजून. नाही, खिळ्याला सोडू नकोस माझ्याकडे, असू दे, दोरी तुझ्याच हातात असू दे. तू फक्त थांब जरा. मागं खोलीत जाऊ नकोस. मला तुला ते फाटकाचं — त्या दिवशी फाटक —

ताई, तुमचा बूट झालाय ना? मग निघा तुम्ही आता. आणि जाताना दार ओढून घ्या.