डंडसला, दोन वाजता

...आणि वर मलाच म्हणते, “जे दिसत नाही तेवढंच दाखवा.” आता बोला. चौदा वर्षं मी या टोरांटोत लोकांना गाडीत घालून फिरवतोय, माझ्या मागच्या सीटवर लोक भांडलेत, ओकलेत, एका जोडप्याचा तर घटस्फोट पुढची ट्राम हलायच्या आत ठरलाय, पण असली मागणी आजवर कुणी केली नव्हती. तुम्हाला सांगतो, ऑक्टोबरातली सकाळ, तळ्यावरून धुकं असं आत शिरलेलं की माझ्याच गाडीचं नाक मला दिसेना, तो एवढा जगभर मिरवणारा आमचा टॉवर, त्याचं मेलं बूडसुद्धा दिसत नव्हतं, आणि मी आपला हात करून सांगतोय, “डावीकडे बघा बाई, टॉवर,” आणि ती डावीकडे बघून म्हणते, “छान आहे.” काय छान आहे? पांढरं आहे नुसतं. पण करता काय, सहल लवचिक.

हा शब्द माझा नाही हं. हा माझ्या भाचीचा, शनेलचा. आमची जाहिरात तीच लिहिते. म्हणाली, “मामा, हल्ली लोकांना ठरलेलं काही नको असतं. आपण लिहू, खासगी, अर्धा दिवस, लवचिक.” मी म्हटलं, “बाळा, लवचिक म्हणजे नेमकं काय करायचं?” तर म्हणते, “काही नाही, तू फक्त नाही म्हणायचं नाही.” झालं. तेव्हापासून माझी काय दशा आहे म्हणून सांगू... ब्राझीलचं एक कुटुंब आलं, आठ माणसं, अर्धा दिवस एकाच दुकानात जाकिटं घालून बघत होती आणि मी आठ जणांच्या पिशव्या धरून उभा. सस्कॅचवानचे एक आजोबा आले, त्यांना म्हणे फक्त ट्रॅफिक जॅम बघायचा होता. “आमच्याकडे नसतो हो,” म्हणाले. हायवेवर दीड तास आम्ही जागच्या जागी, आजोबा खिडकीला नाक लावून खूश, आणि सुटलो तसे म्हणतात कसे, “अजून एखादा आहे का?” दाखवला. दुसराही दाखवला. सहल लवचिक म्हटल्यावर बोलणार कोण?

तर ही बाई. नोंदणीत नाव फक्त ‘एच. साबो’, एडमंटनहून आलेली. साठीची असेल, केस करडे, पाठ ताठ. दार उघडून आत बसली आणि पहिली गोष्ट काय केली असेल? बूट काढले. माझ्या गाडीत. काढले, नीट जोडीने ठेवले, पर्समधून लोकरीच्या सपाता काढल्या, पायांत घातल्या आणि म्हणाली, “हं, चला.”

मी आरसा नीट करून पुन्हा बघितलं.

कारण तुम्हाला सांगतो, गाडीत बूट काढून बसणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिलीय. हालिना. शहाऐंशी साल. मी बावीसचा, आईबाप त्रिनिदादहून आलेले, आम्ही राहायचो रीजंट पार्कच्या सरकारी इमारतींत. ती पोलिश, पार पश्चिमेला रॉन्सेसवेल्सच्या पोलिश गल्लीत राहणारी. गाडी शिकायच्या क्लासला आम्ही दोघं एकाच गाडीत, एकाने चालवायची, दुसऱ्याने मागे जीव मुठीत धरून बसायचं. ती स्टिअरिंग हातात घ्यायच्या आधी बूट काढायची, सपाता घालायची. मास्तर ओरडायचे, “पोरी, ही गाडी आहे, तुझं स्वयंपाकघर नाही,” आणि ती त्या सपातांनी असा काही ब्रेक दाबायची की माझं कपाळ थेट मास्तरांच्या सीटवर. खोटं कशाला बोलू, मला त्या आपटण्याची गोडी लागली होती. शेवटी धीर करून विचारलं, शनिवारी पिक्चरला येतेस का? म्हणाली, “दोन वाजता. डंडसला भेटू.”

गेलो मी. बापाचा टाय लावून डंडसच्या मेट्रो स्टेशनाशी गेलो. फेब्रुवारीचा वारा कसा असतो ते तुम्हाला काय सांगायचं... उभा राहिलो, ताटकळलो, पाय बधिर झाले, पण ती काही आली नाही. मग मीही त्या क्लासचं तोंड बघितलं नाही. लायसन दुसरीकडून काढलं. पुढे लग्न झालं, मार्वा चांगली होती, पण तिलाही माझी बडबड झेपेना, तीही गेली. तेही ठीकच. पण त्या शनिवारचं कोडं काही सुटेना. का नाही आली? मी काळा म्हणून? घर सरकारी म्हणून? का त्या टायमुळे? अडतीस वर्षं हो. दात घासता घासता माणूस मध्येच थांबतो आणि आरशाला विचारतो, का नाही आली?

आणि आता माझ्या आरशात, मागच्या सीटवर, सपाता घालून, एच.

विचारायचं कसं? एकदम कसं विचारणार? म्हणून आधी आमचा नेहमीचा प्रश्न टाकला, “बाई, तुम्ही कुठच्या?” म्हणाली, “इथलीच. तुम्ही?” “मीही इथलाच.” “त्याआधी?” “त्याआधीही इथलाच.” हसली. या शहरात कुणाला कुठचा विचारलं तर आजी-पणजीपर्यंत वंशावळ निघते, आणि आम्ही दोघं मेले इथलेच. मी आपलं पाठ केलेलं सुरू केलं, शहरात इतक्या भाषा, अमक्यांचे सण, तमक्यांची मंदिरं, तेवढ्यात तिने खिडकीवर बोट ठेवलं. “हे सगळं पुस्तकात असतं. जे दिसत नाही तेवढंच दाखवा.”

तुम्हाला माहितीय का, आमच्या शहराची एक खोड आहे. इथे पत्ता सांगायचा तो जे आता नाही त्याच्यावरून. म्हणजे कसं, पूर्वी जिथे पोर्तुगीज मासेवाला होता तिथून डावीकडे, मग जिथे सिनेमा होता तिथे उजवीकडे, मग जळलेल्या गादीच्या दुकानासमोर थांबा. नवा माणूस हमखास चुकतो, जुना झोपेतसुद्धा पोचतो. तर म्हटलं, बाईला हेच हवंय ना? घ्या. केन्सिंग्टनच्या जुन्या बाजारात गाडी इतकी हळू घेतली की शेजारून चालणारा माणूस पुढे गेला. म्हटलं, इथे लोणच्याची पिंपं असायची, एक ज्यू म्हातारा कोपरापर्यंत हात घालून काकडी काढून द्यायचा. मग ती म्हणाली, “त्याच्यानंतर कोंबडीवाला.” म्हटलं, हो, अझोर्स बेटांवरचा, कोंबड्या जिवंत, पिंजरे फुटपाथवर. ती म्हणाली, “एकदा एक सुटली होती.” म्हटलं, ती चर्चमध्ये घुसली. आणि आरशातून एकमेकांकडे बघितलं, कारण ती कोंबडी दोघांनीही पाहिली होती.

काय सांगू तुम्हाला त्या सकाळचं... एरवी ह्या काचेच्या इमारती अशा अंगावर येतात, त्या दिवशी त्यांचं नाव नाही. धुक्याने वरचं सगळं नवं शहर पुसून टाकलेलं आणि खाली उरलेली फक्त दारं, पायऱ्या, एखादी पिवळी खिडकी. कुठूनतरी ट्रामची घंटा यायची आणि ट्राम यायचीच नाही. जमैकन पॅटीचा वास यायचा आणि दुकान दिसायचं नाही. मी खरा तोंडाळ माणूस, पण माझाही आवाज आपोआप खाली आला. स्पडायना रस्त्यावर ती म्हणाली, इथे वळू नका, सरळ जाऊ. मग म्हणाली, आता वळा. का वळायचं, कुठे जायचं, काही नाही. मी वळत होतो. मला तर वाटायला लागलं होतं की गाडी उभी आहे आणि गल्ल्याच आमच्या बाजूने सरकतायत. सहल लवचिक.

मनात मात्र एकच. मी कोण ते सांगू का? आत्ता सांगू? लाल दिव्याला सांगतो. लाल दिवा आला, गेला. पुढच्याला सांगतो... असे सतरा दिवे गेले, मी मोजले. सांगितलं आणि ती म्हणाली, “हो, मुद्दामच नाही आले,” मग? अडतीस वर्षं निदान शंका तरी होती, मग तीही नाही राहायची.

तीन तासांनी म्हणाली, “आता माझ्या रस्त्याला न्या.” मी म्हटलं, “रॉन्सेसवेल्स?” “तुम्हाला कसं कळलं?” म्हटलं, “धंदा आहे बाई आमचा.” रस्ताभर ती खिडकीशी पुटपुटत होती, इथे सॉसेजवाला, इथे चपला शिवणारा, इथे आई रडली होती. रस्ता संपला, तरी म्हणाली पुढे चला, आणि मेट्रोच्या स्टेशनाशी आल्यावर म्हणाली, “थांबा.” थांबलो. स्टेशनच्या दाराकडे बघत बसली. मग म्हणाली, “इथे मी एकाची वाट बघत उभी होते. फेब्रुवारी होता. दोन वाजता म्हणाला होता, डंडसला. आला नाही.”

मी म्हटलं, “बाई, पण हे डंडस वेस्ट.”

“ते पाटीवर. आम्ही इथले सगळे याला नुसतं डंडसच म्हणायचो.”

आलं लक्षात? अहो, डंडस नावाचा रस्ता एकच, पण शहरभर वळत वळत जातो, आणि त्याच्या नावाची स्टेशनं दोन. एक भर शहरात, बाजाराच्या नाक्यावर, ते आमचं डंडस. आणि दुसरं हे, पार पश्चिमेला. दोघांमध्ये गाडी बदलून वीस-पंचवीस मिनिटं. मी तिकडे टाय लावून उभा, ती इकडे उभी. म्हणजे आली होती. बाई आली होती. मी गाडी बंद केली, मागे वळलो आणि एका दमात सांगून टाकलं, “हालिना, मी आलो होतो. मी दुसऱ्या डंडसला उभा होतो. मी लेनॉक्स. मागच्या सीटवरचा. कपाळ आपटायचं तो.”

ती पुढे वाकली. पर्समधून चष्मा काढला, लावला, मला नीट बघितलं, चष्मा काढला.

“हालिना कोण?”

“तुम्ही. एच.”

“मी हेन्रिका.”

“आणि मग या सपाता?”

“अहो, आमच्या गल्लीत सगळ्याच घालतात. बाहेरचे बूट घालून कुणी आत बसतं का?”

घ्या. चौदा वर्षं मी लोकांना सांगतोय, कोण काय खातं, कोण कुठल्या सणाला काय करतं, सगळं तोंडपाठ, आणि अख्ख्या गल्लीची सवय मी एका मुलीच्या नावावर टाकून बसलो होतो. मला इतकं ओशाळं वाटलं की दार उघडून धुक्यात चालतं व्हावं. पण गाडी माझी, जाणार कुठे?

तर ती हसली नाही. म्हणाली, “माझा होता तो हंगेरियन. लास्लो साबो. तोही तुमच्याच डंडसला उभा होता. मी इथे रडवेली झाले तेव्हा तिकिटाच्या खिडकीतल्या म्हाताऱ्याने हाक मारली. ‘पोरी, दोनचा वायदा ना? अगं, तुझा दुसऱ्या डंडसला असणार. दर शनिवारी दोघीतिघी येतात अशा, मी सगळ्यांना तिकडे पाठवतो. जा.’ गेले. पोचले तेव्हा सहा वाजले होते. नाक निळं पडलेलं, पण होता. खसखशीचा रोल आणला होता माझ्यासाठी, भुकेने अर्धा खाल्लेला, अर्धा ठेवलेला.” मग सपातांकडे बघत म्हणाली, “या एप्रिलमध्ये गेला. म्हणून म्हटलं, एकदा येऊन उभं राहावं.”

उतरली. सपाता घालूनच उतरली, ओल्या फुटपाथवर, स्टेशनच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मीही तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. गर्दी आतून यायची आणि धुक्यात दिसेनाशी व्हायची. किती वेळ गेला कुणास ठाऊक, बारा वाजून गेले, माझी वेळ संपून गेली, पण सहल लवचिक, आणि खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्या शब्दाचा राग आला नाही. डोळे भरून आले होते, लपवत नाही. आली होती हो हालिना. याच दाराशी उभी होती, आणि त्या भल्या म्हाताऱ्याने तिलाही सांगितलं असणार, तीही धावत गाडीत बसली असणार, तिकडे, माझ्याकडे.

बाईंच्याही ते मनात आलं असावं. माझ्या दंडाला हात लावून हळूच म्हणाल्या, “माझा चार तास थांबला होता. तुम्ही किती वेळ थांबलात?”

मी म्हटलं, “थांबलो की. बराच वेळ.”

आता तुमच्यापासून काय लपवायचं. पंचवीस मिनिटं. आणि त्यातली दहा तर मी लवकर पोचलो होतो त्याची.